खोबरेल लावलेलं मचाण

मित्रांनो, नाकं मुरडू नका. मी मचाण आहे. जुनं, पोचे पडलेलं, पण शिडीशिवाय झाडावर चढणारं. तुमच्या गोष्टींतली मचाणं बांबूची असतात, एका जागी बांधलेली आणि गरीब स्वभावाची. मी त्यातली नव्हे. फिंटन नावाचा शेतकरी मला पहिल्या दिवसापासून 'ती' म्हणायचा. ट्रॅक्टरलाही तो 'ती'च म्हणतो. म्हणून मीही बाईमाणसासारखी बोलते, आणि बोलते ते तोंडावर.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. अॅल्युमिनियमच्या नळ्या जोडून माझे दोन भाग केले. वरचा बसायला, खालचा पाय ठेवायला. दोन्ही भागांना बुंध्याला कवेत घेणारा एकेक रबरी पट्टा, खाचाखाचांचा. माणसाचं वजन पडलं की तो पट्टा सालीला असा चावतो की हलायचं नाव नाही. उभं राहून वरचा भाग उचलायचा, मग त्यावर बसून पायांनी खालचा उचलायचा. सुरवंट चालतो ना, तसं वर जायचं. पट्टा चावला तर मी सिंहासन. नाही चावला तर नुसतं भंगार.

फिंटनचं शेत आयर्लंडातल्या स्लीव्ह ब्लूम डोंगराच्या पायथ्याशी. त्यानं लावलेली कोवळी झाडं हरणं रात्रीतून खुडून न्यायची. तो माझ्यावर बसून तासन् तास वाट बघायचा. कधी हरीण मिळायचं, बहुतेकदा सर्दी. पण घरी आल्यावर कपडे बदलायच्या आधी तो मला पुसायचा. चिखल काढायचा, पट्ट्याच्या खाचांतून बोट फिरवायचा. कौतुकाचा एक शब्द कधी तोंडातून निघाला नाही त्याच्या. मला नकोही होता.

मग त्याचे गुडघे गेले आणि मी गेले डॉक्टरच्या घरी.

डॉक्टर रणजित म्हणजे जवळच्या पोर्टलीश गावातले हाडांचे डॉक्टर. मूळचे कराडचे. बंदुकीचा परवाना, हरणांचा परवाना, सगळं रीतसर. फक्त अक्कल तेवढी काढायची राहिली होती. मला देताना फिंटन म्हणाला, "डॉक्टर, एक ऐक. पडू नये म्हणून जो कमरेचा पट्टा आहे, तो झाडाला अडकवायचा पाय जमिनीवर आहेत तेव्हाच. वर गेल्यावर नाही."

"ग्रँड, ग्रँड," डॉक्टर म्हणाले, म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक, ठीक'. माणूस दोनदा ग्रँड म्हणाला की समजावं, त्यानं एकदाही ऐकलेलं नाही.

त्यांची बायको उर्मिला मला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघायची. मला गॅरेजमध्ये ठेवताना तिनं स्पष्ट सांगितलं, "रणजित, तुझं काम दिवसदिवस ऑपरेशनला उभं राहायचं. पाय मोडून घेतलास तर उभा कसा राहणार? कमरेचा पट्टा न लावता झाडावर गेलास तर मग बघ."

ते नेमकं सासूबाईंनी ऐकलं. अलकनंदाबाई दसऱ्याला म्हणून कराडहून आलेल्या. पणजोबांनी वाघ मारला होता असं त्या सांगायच्या, आणि दर खेपेला वाघ वीतभर लांब व्हायचा.

"शिकारीला निघालेल्या मर्दाला कमरेला बांधून पाठवतेस? बैल आहे का तो?"

"बैल असता तर बरं होतं, आई. बैल झाडावर चढत नाही."

"तोंड बघा हिचं!"

"तुमच्याकडूनच शिकले."

असं त्या घरात रोज चालायचं. चहात साखर कमी पडली तरी भांडण माझ्यावर येऊन थांबायचं.

खंडेनवमी आली. अलकनंदाबाईंना शस्त्रांची पूजा करायची होती. पण बंदूक लोखंडी कपाटात, किल्ली डॉक्टरच्या खिशात आणि डॉक्टर ड्यूटीवर. म्हणून बाई ताट घेऊन गॅरेजमध्ये आल्या, माझ्याकडे. हळद लावली, कुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला. इथवर मी सहन केलं. मग त्यांनी खोबरेलाची बाटली काढली. इथल्या थंडीत तेल गोठलेलं. बाईंनी ती गरम पाण्यात धरून पातळ केली, आणि त्यांच्या घरी कोयत्याला, अडकित्त्याला लावतात तसं माझ्या दोन्ही पट्ट्यांना चोळचोळून लावलं. एक खाच सोडली नाही! "लेकराला सांभाळ गं बाई," असं म्हणत हात जोडले.

कशी सांभाळू? माझे दात बुजवलेस तू, बाई! तासाभरात ते तेल खाचांत पांढरं होऊन मेणासारखं बसलं. मला ओरडता आलं असतं तर सगळी आळी गोळा केली असती.

शनिवारी उजाडता डॉक्टर मला पाठीला लावून फिंटनच्या रानात गेले. माझा हार काढून बाजूला टाकला, पण पट्ट्यावरून बोट फिरवलं नाही. कमरेला पट्टा होता. उर्मिलेच्या धाकानं घातलेला, आणि आईच्या टोमण्यानं तसाच लोंबता ठेवलेला. वर गेल्यावर अडकवू म्हणे. झाड पावसानं भिजलेलं. दोन पुरुष उंच गेले, उभं राहून वरचा भाग उचलला, आणि सगळं वजन खालच्या पट्ट्यावर आलं. मी जीव खाऊन धरायला गेले. दातच नव्हते तर धरू कशानं? मी सरकले, डॉक्टर सुटले, आणि टाचेवर पडले. सुदैवानं बंदूक खालीच होती, रिकामी.

फिंटननं त्यांना उचलून हॉस्पिटलात नेलं आणि मला परत गॅरेजमध्ये आणून टाकलं. टाचेच्या हाडाचे तुकडे झाले होते. ज्या टेबलाशी उभे राहून ते दुसऱ्यांची हाडं जोडायचे, तसल्याच टेबलावर आता आडवे झाले.

पाय बांधून डॉक्टर घरी आले त्या सकाळी अलकनंदाबाईंनी निकाल देऊन टाकला. "अपशकुनी आहे ती वस्तू. फेकून द्या."

उर्मिला तडक गॅरेजमध्ये आली, माझ्या खाचेत नख घातलं, नाकाशी नेलं. मग मला तशीच ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली. फरशीवर चरे पडले, तिनं बघितलं नाही.

"आई, वास घ्या."

"मी पूजा केली. पूजेनं कुणी पडतं का?"

"तेलानं पडतं."

"आणि पट्टा? तो का नाही अडकवला त्यानं?"

"बैल आहे का तो, असं विचारलं होतंत ना तुम्ही?"

आतल्या खोलीतून डॉक्टर म्हणाले, "दोघी गप्प बसा. मी बघितलं नाही. माझं चुकलं." पण त्यांचं ऐकायला तिथं कुणाला सवड होती!

दुपारी घर शांत झालं तेव्हा अलकनंदाबाई बादलीभर कढत पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन माझ्यापाशी आल्या. घासायला लागल्या. घासताना मला शिव्या देत होत्या, मधूनच डोळे खांद्याला पुसत होत्या.

उर्मिला दारात उभी होती. "राहू द्या, आई. फिंटन म्हणाला, तेलानं रबर कायमचं गेलं. आता हिच्यावर कुणी चढायचं नाही."

"मग मी काय करू? नुसती बसू?"

"त्याच्यापाशी बसा. तो पाय हलवतो सारखा. हलवू देऊ नका."

बाई उठल्या. माफी कुणी कुणाची मागितली नाही, तुम्ही वाट बघू नका. डॉक्टर पुन्हा ऑपरेशनला उभे राहतील की नाही, हे अजून त्यांच्या डॉक्टरलाही सांगता येत नाही.

उद्या फिंटन मला कापायला करवत घेऊन येणार आहे, भंगारातून उचलून कुणी माझ्यावर चढू नये म्हणून. बरोबरच आहे त्याचं. मी रडणारी नव्हे. पण मित्रांनो, जाताजाता एक बजावते. ज्या वस्तूच्या भरवशावर तुम्ही तुमचं माणूस सोडता, तिच्यापुढे हात जोडून मोकळे होऊ नका. ती कशी काम करते ते आधी विचारा, आणि मग रोज, न कंटाळता, तिच्यावरून हात फिरवून बघा. माझ्यामागून त्या घरात दुसरं मचाण आलं, तर त्याला ओवाळू नका. पुसा.