बाहेरच्यांनी मध्ये पडू नये

पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून पांडुरंगने पेपरच्या एका कोपऱ्यावर चहाचा मग ठेवला, दुसऱ्यावर आपला मोबाइल, आणि बातमीवर बोट टेकवून तो म्हणाला,

"हे वाच, हैथम. आता काही होत नाही. अध्यक्षांनी स्वतः लिहिलंय."

जहाज सिंगापूरच्या तुआस गोदीत दुरुस्तीसाठी लागलं होतं. वर डेकवर ठोकाठोक चालली होती आणि मेसच्या टेबलावरचे चमचे थरथरत होते. हैथमने फडक्याने हात पुसले, पुन्हा पुसले आणि मग खुर्ची ओढून बसला. तो या जहाजावर ऑइलर होता, म्हणजे इंजिन रूममधल्या यंत्रांना तेलपाणी करणारा. एकोणचाळीस वर्षांचा, सीरियातल्या तार्तूसजवळचा. त्याचा करार नऊ महिन्यांचा होता. तो ओढूनताणून चौदा महिन्यांवर आणला होता आणि आता आणखी ताणण्यासारखा राहिला नव्हता.

ते सप्टेंबर २०१३चे दिवस होते. हैथमच्या देशात अडीच वर्षं यादवी पेटलेली होती. अमेरिका आज हल्ला करते की उद्या, याची महिनाभर जगभर चर्चा चालू होती. त्यात दुसऱ्या एका बड्या देशाच्या अध्यक्षांनी थेट अमेरिकेच्या जनतेलाच जाहीर आवाहन केलं होतं. सांगणं साधं होतं. दुसऱ्याच्या यादवीत बाहेरच्यांनी लष्कर घेऊन पडू नये. त्यात निरपराध माणसं मरतील, आग आणखी पसरेल, तेव्हा बोलून मार्ग काढावा. पांडुरंगला ते मनापासून पटलं होतं. पटायला त्याची स्वतःची कारणं होती, पण ती पेपरात नव्हती.

हैथमने शेवटपर्यंत वाचलं. ओठ हलवत, सावकाश.

"सर, मला बॉम्बची तेवढी भीती नाही," तो आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "शेजारच्या देशात, बैरूतला विमानातून उतरलं की पुढे गाडीने जायचं. वाटेत लष्कराचे नाके आहेत. बॉम्ब नाव विचारत नाही. नाक्यावर विचारतात. माझं नाव राखीव सैनिकांच्या यादीत आहे. धरला की सरळ लढायला पाठवतात."

"अरे, पण आता सगळं निवळतंय म्हणून तर..."

"दुसरं जहाज आहे का, सर? कुठलंही चालेल."

पांडुरंगने पेपरवरचा मग उचलला. चहा गार झाला होता, तरी त्याने तो पिऊन टाकला.

"सध्या तरी नाही," तो म्हणाला.

जहाज होतं. त्यांच्याच कंपनीचं. आठवड्याभरात सिंगापूरला यायचं होतं आणि त्यावर एका ऑइलरची जागा रिकामी होती. जहाजांवर माणसं नेमायची हेच पांडुरंगचं काम. पंधरा वर्षं समुद्रावर काढून तो पाया लेबार भागातल्या कंपनीच्या ऑफिसात खुर्चीला लागला होता. कुणाचा करार संपला, कुणाला कुठे चढवायचं, हे त्याला तोंडपाठ असे. त्या जागेसाठी त्याने परवाच निशिकांतचं नाव पाठवलं होतं. निशिकांत म्हणजे त्याचा मेहुणा, बायको कुमुदचा धाकटा भाऊ. एक फोन केला असता तर नाव बदलता आलं असतं. तुआसहून परतताना वाटभर मोबाइल त्याच्या हातात होता. तो फोन काही त्याने केला नाही.

संध्याकाळी तोआ पायोह वस्तीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये कुमुद कोथिंबीर निवडत बसली होती. तिच्यासमोर चौदा वर्षांची मुलगी रुचिरा शाळेच्या प्रोजेक्टसाठी पेपर कापत होती. नेमकी तीच बातमी.

"निशीचं नक्की ना हो?" कुमुदने विचारलं.

"जवळपास."

"जवळपास काय? मी त्याला सांगून बसलेय. आठ महिने मुंबईत घरी बसलाय बिचारा. परवा फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प झाला. आमचा निशी गप्प बसणाऱ्यातला आहे का?"

"एक सीरियाचा माणूस आहे," पांडुरंग म्हणाला. "घरी जायला घाबरतोय."

कुमुदचे हात थांबले. ती काही दुष्ट बाई नव्हती. शेजारच्या मलय आजींना ताप आला तर पेजेचा डबा घेऊन पहिली धावणारी तीच.

"मग?" तिने विचारलं.

"मग काही नाही. जागा एकच आहे."

तिने पुष्कळ वेळ एकच काडी निवडली. शेवटी म्हणाली, "तुम्ही काय ते ठरवा. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं नको व्हायला."

"पपा," रुचिराने कात्री खाली ठेवून सिंगापुरी ढंगात विचारलं, "हा प्रेसिडेंट बरोबर बोलतोय ना? इट्स देअर ओन फाइट, लाह. आउटसायडर्सनी कशाला डिस्टर्ब करायचं?"

"अगदी बरोबर," पांडुरंग म्हणाला. इतक्या झटकन, की कुमुदने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

आवाहनामुळे असो की आणखी कशाने, पुढच्या आठवड्यात हल्ल्याची भाषा खरंच खाली आली. हैथमने कागदांवर मुकाट्याने सह्या केल्या. काम संपलेल्या खलाशाला सिंगापुरात राहू देत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं.

विमानतळावर माणसं सोडायचं काम एजंटचं. पांडुरंग कधी जात नसे. त्या दुपारी मात्र तो चांगीला गेला. हैथमला लांबूनच तो दिसला आणि त्याने बॅग खाली टाकून दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"तुम्ही आलात! इतक्या वर्षांत ऑफिसचं कुणी आलं नव्हतं."

"म्हटलं, भेटून घ्यावं."

"मुंबईचं विमान किती वाजता येतंय?"

हैथमने त्याचा हात सोडला, पण रागाने नव्हे. बॅग नीट उभी करायची होती म्हणून.

"जहाजावर काय लपतं, सर? डेकच्या मुकादमाने, बोसनने सांगितलं. त्या जागेवर येणारा तुमच्या बायकोचा भाऊ आहे."

"मी तुला सांगायला हवं होतं."

"हो," हैथम म्हणाला.

तेवढंच. पांडुरंगला वाटलं, याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आठवडाभर त्याने मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. मेहुण्याची दोन पोरं, त्याचे आठ महिने, कंपनीचे नियम. आता त्यातलं एकही वाक्य त्याला स्वतःलाच पटेना. लाज वाटत होती आणि ती लपवायला पेपरही जवळ नव्हता.

"त्या जहाजावर मी दीड वर्ष होतो," हैथम म्हणाला. "बॉयलरच्या मागे शिडी आहे. वरून तिसरी पायरी. दिसायला ठीक आहे, पण पाय तिरका पडला की सुटते. मी दोनदा लिहून दिलं, कुणी केलं नाही. त्याला सांगा, मध्यावर पाय देऊ नको. कडेला दे."

"सांगतो."

"विसरू नका, सर."

तो आत गेला. पासपोर्ट दाखवताना त्याने मान किंचित झुकवली आणि अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. बहुतेक नावच विचारलं असावं.

पांडुरंग खालच्या मजल्यावर येऊन कठड्याला टेकून उभा राहिला. तासाभराने निशिकांत ट्रॉली ढकलत बाहेर आला. दाढी घोटून केलेली, नवाकोरा शर्ट, चेहरा नुसता फुललेला. गर्दीतच तो पाया पडायला वाकला.

"भाऊजी, खास मला घ्यायला आलात? ऑफिस बुडवून? ताईला फोन करा, म्हणावं पोचलो. आणि तुमचे उपकार..."

"बॉयलरच्या मागे शिडी आहे," पांडुरंग म्हणाला. "तिची तिसरी पायरी सैल आहे. वरून तिसरी. पाय कडेला द्यायचा."

निशिकांत हसला. "जहाजही बघून आलात होय?"

"नाही. तिथे पूर्वी काम केलेला एक जण आहे. त्याने सांगितलं. ही जागा त्याला हवी होती. मी नाही म्हणालो."

निशिकांतचा हात ट्रॉलीवर तसाच राहिला. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

"मग तो कुठल्या जहाजावर गेला?" त्याने विचारलं.

"घरी," पांडुरंग म्हणाला. "त्याला मी घरी पाठवलं."