तुलनेची नळी

"पाणी पीत जा" म्हणून धाकट्या भावाच्या कानीकपाळी ओरडून मी थकले. शेवटी मुतखड्यांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होत आली आणि माझं एक त्याला द्यायचं ठरलं.

खडे सिस्टिन या अमिनो आम्लाचे असतील, तर दोष मूत्रपिंडातलाच, जन्मजात. मग लघवीत रसायन घातलं की नळी जांभळी होते. तुलनेला निरोगी माणसाची नळी लागते. मी काम करते त्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी करताना मी एकटीच होते, म्हणून माझीच लावली.

त्याची जांभळी झाली. माझीही झाली.

मेलं रसायनच बिघडलं असेल, म्हणून तिसऱ्या नळीत नुसतं पाणी घेतलं. त्याला रंग चढला नाही.

दारातून भावाने विचारलं, "ताई, यातली माझी कुठली गं?"

नळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्याशिवाय मला सांगता येईना.