युक्लिदेसचे स्पीकर

युक्लिदेस काराबाली जन्मभर दारं-खिडक्या करणारा सुतार. काम थांबवल्यावर त्याने जाड, मुरलेल्या लाकडाच्या कमरेएवढ्या दोन पेट्या केल्या, त्यांत स्पीकर बसवले, अँप्लिफायरही स्वतःच जोडला. काली शहरातल्या आमच्या गल्लीत असा आवाज कुणाच्या घरी नव्हता. रविवारी दुपारी मंडळी साल्सा नाचगाण्यांच्या जुन्या रेकॉर्डी काखेत मारून यायची. त्याची बायको नोएमी सारण भरलेले एम्पानाडा तळायची.

पण त्याचं समाधान होईना. "बारीक सूर गुदमरतायत," म्हणायचा, आणि पेटी उघडून वरच्या छोट्या स्पीकरचा जोर आणखी वाढवायचा. हळूहळू ते ऐकणं असह्य झालं. झांजा कानात सुईसारख्या घुसायच्या. कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाकडे पाहुणे आले. शेवटी एकटा आर्सेसिओ, त्याचा बालमित्र, उरला. तोही "आत उकडतंय" म्हणत ओसरीवर बसायचा. एका रविवारी तोही लवकर उठून गेला.

नोएमी हात पुसत बाहेर आली. त्यांच्या लग्नात वाजलेली रेकॉर्ड तिने लावली.

"म्हाताऱ्या, यात मराकास कधी सुरू होतात?"

"यात कुठले आलेत मराकास?"

"लग्नात तूच म्हणाला होतास, त्या खुळखुळेवाल्याचा हात बघ, एकदाही चुकत नाही."

तो उठला. पेटीला कान लावून बराच वेळ वाकून राहिला.

"आत्ता वाजतायत?"

"पहिल्यापासून वाजतायत रे."

"मग ही माणसं..."

"त्यांचे कान दुखायचे. तुला कोण सांगणार? करवतीने खाल्ले तुझे कान."

"आणि तू?"

"मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे."

त्याने अँप्लिफायर बंद केला आणि वर चादर टाकली. डॉक्टरांनी कानातलं यंत्र दिलं. त्यातून बोलणं नीट कळायचं, पण गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटायचं. कुठे गाणं लागलं की ते तो काढूनच ठेवायचा. कित्येक आठवडे घर गप्प होतं.

मग एका सकाळी त्याने चादर काढली आणि नोएमीला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. "तू ऐक. मी जोडतो."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"टोचलं की सांग. बस्स."

त्याने आतल्या तारेला डाग दिला, रेकॉर्ड लावली.

"अजून टोचतंय."

पुन्हा डाग, पुन्हा रेकॉर्ड. ती "कमी कर" म्हणायची, तो कमी करायचा. प्रत्येक वेळी त्याच्यासाठी गाणं जाड रजईखाली सरकत होतं. संध्याकाळी नोएमीने डोळे मिटले. "आता बरोबर आहे," ती म्हणाली, आणि रडू लागली. त्याला फक्त खालचा ढोल आणि गाणाऱ्याचा घोगरा आवाज येत होता.

मंडळी परत आली. पुन्हा खुर्च्या कमी पडायला लागल्या. युक्लिदेस ग्लास भरायचा, रेकॉर्ड उलटवायचा, लोकांचे चेहरे बघायचा.

"जमलं लेका, अखेर जमलं!" आर्सेसिओ त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "आता मलाही अशीच जोडी करून दे. नाही म्हणू नकोस."

"पेट्या करून देतो," युक्लिदेस म्हणाला. "चांगलं लाकूड बघू. आवाज मात्र दुसऱ्या कुणाकडून लावून घे."

आर्सेसिओ चेष्टा करायला गेला, पण नोएमीने हळूच स्वतःच्या कानाकडे बोट केलं, तसा त्याने मित्राचा ग्लास भरला.