वहीतलं रिकामं

खाडीकाठच्या कचेरीतल्या त्या खोलीला एकच खिडकी होती, तीही न उघडणारी. मोजणीवाल्या आत्या तिच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी खाडीच्या चिखलावर उतरणारे परदेशी पाहुणे पक्षी मोजले, चिखल्या, तुतवार, सगळे. आणि आज त्यांचीच वही त्यांच्यावर उलटली होती.

"अक्षर तुमचंच ना, आजी?" खाडीतल्या भरावाचा निकाल देणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"माझंच."

"मग बघा. 'रिकामं.' पुन्हा 'रिकामं.' चारशे ठिकाणी. रिकाम्या जागेत भराव घातला तर कुणाचं काय जातंय? अक्षर माझं म्हणून सही करा, की सुटलात."

भरतीला चिखल बुडाला की पक्षी बांधापलीकडच्या मिठागरात जाऊन एका पायावर डुलक्या काढत. मग आत्या लिहीत, 'रिकामं'. हा शब्द त्यांच्या नावाड्या नवऱ्याचा. उतारू उतरले की तो नावेला रिकामी म्हणायचा. म्हणजे पुढची खेप येईपर्यंत. लग्नानंतर तोच शब्द आत्यांच्या तोंडी बसला. घराबाहेरच्यांना त्याचा अर्थ सांगावा लागेल, हे त्यांना कधी सुचलंच नाही.

सही केली तर चिखल गेला. अक्षर माझं नव्हे म्हणावं, तर सगळी वहीच खोटी. मग तिच्यातले हजारो पक्षीही खोटे.

"ते भरतीचं रिकामं आहे, साहेब."

"असं लिहिलंय कुठे? बाहेर बघा ना, आत्ताही रिकामंच आहे."

बाहेर खरंच नुसतं पाणी होतं.

आत्यांचा भाचा तिथेच कारकून. तो कानाशी वाकला. "आत्या, करून टाक. साहेब पाचला जातात, आज निकाल द्यायचाच आहे त्यांना."

आत्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. पाणी नुकतंच उतरू लागलं असणार. चार वाजेपर्यंत खिडकीसमोरचा चिखल उघडा पडेल, आणि तो उघडा पडला की मिठागरातली सगळी पंगत इकडे धावेल.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला. वही ओढून पहिलं पान उघडलं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"तुमच्याच दारावर पाटी आहे ना, वाचल्याशिवाय सही करू नये म्हणून. एकतीस वर्षांचं आहे, आणि मी सावकाश वाचते."

भाच्याने हसू गिळलं. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

"सही तुमच्यासमोरच व्हायला हवी ना?" आत्या पहिल्या ओळीवर बोट ठेवत म्हणाल्या. "मग बसा."