भल्यासाठी लावलेलं कुलूप

धारमध्ये अण्णा मुळ्यांच्या घराचा वरचा मजला ‘मुलींच्या खोल्या’ म्हणूनच ओळखला जाई. पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या नऊ मुली तिथं भाड्यानं राहत. रात्रपाळी संपवून सकाळी आठला कंपनीच्या बसमधून उतरायचं, पोहे-चहा घ्यायचा आणि दुपारभर झोपायचं, असा त्यांचा क्रम. जिन्याच्या तळाशी लोखंडी जाळीचं दार होतं. मुली वर गेल्या की अण्णा त्याला बाहेरून कुलूप घालत आणि किल्ली जानव्याला बांधून ठेवत. संध्याकाळी बसच्या वेळेला ते दार उघडत.

अण्णा वाईट नव्हते. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण कुणाच्या चहाचे मिंधे झाले नाहीत. शिवाय ते कुलूप मुलींच्या बापांनाच हवं होतं. तिरल्याच्या पुढच्या गावातले खंडोजी आपल्या कमलला घेऊन आले, तेव्हा हात जोडून म्हणाले होते, “अण्णासाहेब, आपके यहाँ ताला लगता है, म्हणूनच छोरीला पाठवतोय.”

मे महिन्यातल्या त्या सोमवारी अण्णांनी सुनेपुढे एक फॉर्म ठेवला. शहरात नवा नियम निघाला होता. भाड्याच्या खोल्यांना परवाना घ्यायचा, आणि त्याआधी तपासणी व्हायची.

“सूनबाई, इथं सही करा. शुक्रवारी तपासणीला येणार आहेत.”

बाईच्या नावानं नोंदणी केली की सवलत मिळते, म्हणून घर विनोदिनीच्या नावावर होतं. लग्नाला दहा वर्षं झाली, पण घराबद्दल तिला कुणी काही विचारल्याची ही पहिलीच वेळ. ती शाळेत गणित शिकवायची. सवयीनं तिनं फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि सातव्या प्रश्नाशी अडली. ‘भाडेकरूंना कोणत्याही वेळी बाहेर पडता येते काय?’

“अण्णा, इथं काय लिहायचं?”

“होय लिहा. त्यात विचारायचं काय?”

“पण कुलूप असतं ना.”

“ते पोरींच्या भल्यासाठी. त्याचा या कागदाशी काय संबंध?”

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला, शंतनूला, विचारलं. तो म्हणाला, “अरे यार, फॉर्मच तर आहे, कर दे साइन. गल्लीत सगळेच करतात.”

तिनं सही केली नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. दोन दिवस कागद फ्रिजवर पडून होता. येता-जाता तिची नजर त्याच्यावर पडे आणि हातातलं काम चुके. भाजीत मीठ दोनदा पडलं. स्वतःचाच राग यायला लागला तिला.

बुधवारी अण्णा आणि शंतनू मांडूला एका स्नेह्यांकडे मुंजीला गेले. शाळेला सुट्टी होती, म्हणून विनोदिनी घरी होती. दुपारी एकच्या सुमाराला वर धावपळ ऐकू आली, मग किंकाळ्या. मधल्या खोलीतल्या कूलरची वायर जळून गादीनं पेट घेतला होता. ती जिन्याकडे धावली. काळ्या धुरात जाळीमागे सात-आठ चेहरे एकमेकींवर रेटले जात होते.

“भाभी, खोलो! भाभी, चाबी!”

किल्ली मांडूला होती.

स्वयंपाकघरातला वरवंटा आणून ती कुलुपावर घाव घालू लागली. कुलूप दाद देईना. हात सोलवटले. शेजारचा मिस्त्री पहार घेऊन धावला, दोघांनी मिळून कोयंडाच उखडला आणि मुली खोकत, रडत अंगणात कोसळल्या. विनोदिनीनं मोजल्या. आठ.

नववी कमल. जिन्यावरची चेंगराचेंगरी पाहून तिनं गॅलरीतून शेजारच्या पत्र्यावर उडी टाकली होती. पत्रा फुटला. उजव्या पायाची दोन हाडं मोडली.

शुक्रवारपर्यंत अण्णांनी भिंतींना चुना मारून घेतला आणि दाराला नवी कडी लावली. तपासणीला नलिनी नावाच्या बाई आल्या. त्यांनी जळकी चौकट पाहिली, वाकडा झालेला कोयंड्याचा खिळा पाहिला.

“इथं कुलूप होतं?”

“छे हो,” अण्णा म्हणाले. “त्या दिवशी चुकून लागलं.”

बाईंनी मुलींकडे पाहिलं. एकीनंही मान वर केली नाही. खोली गेली तर दुसरी कोण देणार? मग त्यांनी फॉर्म विनोदिनीपुढे धरला. “मालकीण तुम्ही ना?”

विनोदिनीच्या तळहातांवर अजून पट्ट्या होत्या. पेन नीट धरता येत नव्हतं.

“चुकून नाही लागलं,” ती म्हणाली. “रोज लागतं. सहा वर्षं लागतंय. आणि सहा वर्षं मी ते रोज बघतेय.”

“सूनबाई!”

“अण्णा, मी खोटं लिहिणार नाही.”

सातव्या प्रश्नापुढे तिनं ‘नाही’ लिहिलं आणि खाली सही केली.

परवाना अडला. आतून उघडणारं दार आणि मागच्या बाजूनं दुसरा जिना, हे झाल्याशिवाय मिळणार नाही, असा शेरा पडला. अण्णा तिच्याशी बोलेनासे झाले. एकदाच, देवपूजा करता करता म्हणाले, “कागदावरच्या मालकीण होतात. आता खऱ्याच झालात.” त्या आवाजात राग कमी आणि दुखणं जास्त होतं.

पण खरा धक्का पुढेच होता. कमल तर पाय मोडून आधीच गावी गेली होती; कुलूप गेल्याचं कळताच आठवड्याभरात आणखी पाच बाप आपापल्या मुली घरी घेऊन गेले. ‘आता भरवसा कसला?’ म्हणाले. ज्यांच्यासाठी तिनं तोंड उघडलं, त्यांचीच नोकरी गेली. तिला झोप लागेना. आपण बरोबर होतो, एवढं पुरेसं नव्हतं.

रविवारी तिनं स्कूटी काढली आणि आधी खंडोजींचं गाव गाठलं.

ओसरीत खाटेवर कमल प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून बसली होती. खंडोजींनी पाहुणीला पाणी दिलं, पण बसले लांब.

“काका, दार आता आतून उघडतं. जिन्याचंही काम लावलंय. पाय बरा झाला की कमलला परत पाठवा.”

“बिना ताले के? नाही भाभी. जवान छोरी आहे. कुछ हो गया तो?”

“झालं की, काका,” विनोदिनी म्हणाली. “कुलूप होतं, तेव्हाच झालं.”

खंडोजींनी मुलीच्या पायाकडे पाहिलं. नजर तिथून हलेना. मग कमलच बोलली, हळू पण स्पष्ट. “बाबा, हड्डी जुडली की मी कामावर जाणार. आणि जिथं बाहेरून कुलूप लागेल, तिथं राहणार नाही.”

ते हो म्हणाले नाहीत, आणि नाहीही म्हणाले नाहीत. आत वळून बायकोला म्हणाले, “चहा टाक. भाभी लांबून आल्यात.”

चहा पिऊन विनोदिनी उठली. आणखी पाच गावं होती, पाच बाप होते. ऊन चढायच्या आत तिला पुढचं गाव गाठायचं होतं.