मेरू ओलांडला तेव्हा

शर्वरीने माळ परत आणली ती संदेश या बंगाली मिठाईच्या रिकाम्या डब्यात घालून. दारातच डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आजोबा, ही ठेवून घ्या. मी मंत्र नाही म्हणणार आता."

दहा वर्षांची पोर. सॉल्ट लेकमधल्या आमच्या घरी दर रविवारी सहा-सात मराठी मुलं स्तोत्रं शिकायला येतात, त्यांतली ही सगळ्यांत चौकस. तिचा बाबा उन्मेष बँकेत आहे. दहा दिवसांपूर्वी त्याला न्यूमोनिया झाला आणि बायपास रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. तिथे लहान मुलांना आत सोडत नाहीत. तिची आई वृंदा मला म्हणाली होती, "काका, ती नुसती खिडकीशी बसून असते. तिला काहीतरी करायला द्या."

म्हणून मी तिला महामृत्युंजय मंत्र शिकवला, आणि माझ्या बायकोची, शारदेची, सत्तावीस रुद्राक्षांची छोटी माळ दिली. अंगठा आणि मधलं बोट, तर्जनी लावायची नाही. आणि हा वेगळा मोठा मणी दिसतो ना, तो मेरू. तिथवर आलं की माळ उलटी फिरवायची, मेरू ओलांडायचा नाही.

"ओलांडला तर?" तिने विचारलं होतं.

"ओलांडायचा नाही, एवढंच."

चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. 'का' विचारणाऱ्या मुलाला कधी गप्प बसवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत असतो. त्या दिवशी मात्र बसवलं.

आता ती आत येऊन वेताच्या मोड्यावर बसली. चपलाही काढल्या नव्हत्या.

"काल मी म्हणत होते ना, तेव्हा आईचा फोन वाजला. माझं लक्ष तिकडे गेलं आणि बोट पुढे गेलं. तीन मणी पुढे." तिने तीन बोटं दाखवली. "आणि संध्याकाळी बाबांना मशीन लावलं. श्वासाचं."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही, बाळा."

"मग नियम कशाला सांगितला?"

"माझ्या वडिलांनी मला सांगितला होता, म्हणून."

"त्यांनी कधी ओलांडला होता?"

"नाही."

"मग तुम्हाला काय माहीत, काय होतं ते?"

ती थांबली नाही. "अर्थ पण बघितला मी. पिकलेली काकडी वेलीवरून सुटते, तसं सोडव. म्हणजे मी रोज काय मागत होते? बाबा सुटू देत, असं?"

"मृत्यूपासून सोडव, असं. अमृतापासून नको, असं लगेच पुढे आहे."

"ते वाचलं. पण काकडी सुटली की वेलीवर नसते ना."

मी तिच्यासमोर खाली बसलो. जे घरात कुणाशी कधी बोललो नव्हतो, ते तिला सांगितलं. "शारदाआजी आजारी होती तेव्हा मी रोज जप केला. याच माळेवर, चार महिने. एकदाही बोट चुकलं नाही. मेरू एकदाही ओलांडला नाही. तरी ती गेली."

तिच्या चेहऱ्यावरून एक भीती उतरली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. मला ती दिसली, पण बोललेलं परत घेता येईना.

"म्हणजे काहीच उपयोग नाही?"

"आजीला फार भीती वाटायची. मी म्हणायला लागलो की माझा डावा हात धरून डोळे मिटायची. मणी मी मोजत होतो गं, ती नाही."

"पण मला तर बाबांजवळ जाऊच देत नाहीत."

भेटीची वेळ चारची. पावणेचार झाले होते. मी वृंदाला फोन लावला. तिचा आवाज पार बसला होता. "नर्सला विचारते, काका. दहा मिनिटं देतील. मी फोन त्याच्या कानाशी धरते. त्याला ऐकू येतंय की नाही, ते मात्र कुणी सांगत नाही."

चार वाजता तिचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून चटईवर ठेवला. शर्वरीने डबा उघडून माझ्याकडे सरकवला. "तुम्ही मोजा. मी हात लावणार नाही."

पहिल्या दोन वेळा तिचा आवाजच फुटेना. फोनमधून यंत्राचा आवाज येत होता, एका तालात. तिसऱ्या वेळी शब्द आले. मी मणी ओढत गेलो. सत्तावीस मण्यांना कितीसा वेळ लागतो? मेरू अंगठ्याशी आला. तिचे डोळे मिटलेले नव्हते, माझ्या बोटांवर होते.

सत्तर वर्षांची सवय. अंगठा आपोआप थांबला, हात माळ उलटी फिरवू लागला. मी तो आवरला आणि मेरू ओलांडला.

शर्वरी फोनकडे वाकली. मीही वाकलो. यंत्राचा आवाज येत होता, त्याच तालात, आधीसारखाच.

मग तिने पुन्हा मंत्र म्हटला, आणि मी पुढचा मणी ओढला.