सायीतली गोळी

दादा आईची गोळी सायीत कालवायला लागला की मला बघवायचं नाही. पॅरासिटामॉलची गोळी तो दोन चमच्यांमध्ये दाबून चुरायचा, ती पूड वाटीभर सायीत टाकायचा, वर स्ट्रॉबेरीचा मुरंबा ओतायचा आणि बोटानेच फिरवायचा. ते बोट मग पँटला पुसायचा, चाटून मात्र कधी बघितलं नाही. वाटीत गुलाबीसर, गुठळ्यांचं काहीतरी तयार व्हायचं. ते आईने खायचं, आणि तेही लोण्यात तळलेली दोन अंडी आणि पाव पोटात गेल्यावर.

"दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते," हे दादाचं ब्रह्मवाक्य. कधीतरी कसल्याशा गोळीने त्याचं पोट जाळलं होतं, तेव्हापासून सगळ्या गोळ्या त्याच्या लेखी एकाच माळेचे मणी. आईला अख्खी गोळी गिळता येत नाही, घशात अडकते, म्हणून हा लगदा.

आईचा खुबा मोडला होता. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, आता फक्त उठून चालायचं होतं. त्यासाठी रोज सकाळी, नाश्ता आटोपतो न आटोपतो तोच, फिजिओ यायचा. मी रजा काढून दादाकडे आले तेव्हा पहिल्यांदा तो प्रकार पाहिला. "आजी, चला," तो म्हणाला. आईने वॉकर धरला, अर्धी उठली आणि असा आवाज काढून खाली बसली की मी तोंड फिरवलं. दुपारी मात्र तीच आई उशीला टेकून निवांत शब्दकोडं सोडवत होती.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "फिजिओ गेला की दुखणं गायब. नाटकं आहेत सगळी. शनिवारपर्यंत उभी राहिली नाही, तर मी तिला वृद्धाश्रमात ठेवणार. खोली बघून ठेवलीय. फिजिओलाही सांगितलंय."

हे तो आईसमोर बोलला, दात कोरत. मला त्याची किळस आली. सख्ख्या भावाची येऊ नये, पण आली.

तो गेल्यावर आईने माझा हात धरला. "मला तिथे नाही जायचं गं. पण सकाळी खरंच जीव जातो. दुपारी कसं काय बरं वाटतं, माझं मलाच कळत नाही. मी नाटक करतेय की काय, असं आता मलाच वाटायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाटी बघून तोंड मिटून घेतलं. दादाने हनुवटी धरून चमचा आत सारला. ओठाच्या कोपऱ्यातून साय ओघळली, ती त्याने चमच्यानेच निपटली आणि परत तिच्या तोंडात घातली. मी पायात चपला सरकवल्या आणि तडक औषधाच्या दुकानात गेले.

"साय? आणि त्याआधी लोण्यातली अंडी?" दुकानातल्या बाईंनी तोंड वाकडं केलं. "अहो, इतकं तेलातुपाचं खाल्लं की पोट ते लवकर पुढे ढकलत नाही. औषधही तिथेच रेंगाळतं. आतड्यात उतरेल तेव्हा रक्तात जाणार. म्हणजे व्यायामाच्या वेळी काही नाही आणि दुपारी आराम."

"पण रिकाम्या पोटी चालते?"

"पोट जाळतात त्या गोळ्या वेगळ्या. ही पाण्याबरोबर नुसतीही चालते. हीच पाण्यात विरघळणारी मिळते, ती आणखी लवकर लागू पडते, गिळायचाही त्रास नाही. डॉक्टरांना एकदा विचारा, आणि ही दिलीत तर सायीतली देऊ नका."

डॉक्टर फोनवर म्हणाले, "चालेल की. व्यायामाच्या जरा आधी द्या." एवढ्याशा गोष्टीसाठी माझी आई रोज किंचाळत होती. दादाला सांगितलं, तर म्हणतो कसा, "मोठी डॉक्टरीण लागून गेलीस."

शनिवारी तो अंघोळीला गेला तेव्हा मी पेल्यात गोळी टाकली. फसफस थांबल्यावर आई घोट घोट प्यायली. "जरा खारट आहे," म्हणाली, "पण पाण्यासारखी उतरते." नाश्ता मी नंतरसाठी झाकून ठेवला. दादाने बाहेर येऊन सवयीने वाटी कालवलीच.

"आजची गोळी मी दिली आहे," मी म्हणाले.

"पोट जळेल तिचं, मग बस निस्तरत," म्हणत त्याने वाटी टेबलावर आपटली.

फिजिओ आला. आईने वॉकर धरला आणि उठली. दुखत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती उभी राहिली. मग एक पाऊल टाकलं, मग दुसरं. माझे डोळे भरून आले.

"यांना कुठे पाठवायची गरज नाही," फिजिओ दादाला म्हणाला. "लवकरच काठीवर येतील."

"म्हटलं नव्हतं?" दादा माझ्याकडे बघून हसला. "मनात आणलं की जमतं. इतके दिवस नुसती नाटकं."

आई थांबली. तिने वॉकर टेबलाकडे वळवला. फिजिओ हात पुढे करून तिच्या मागे मागे चालला. सायीची कड पिवळी पडली होती, तिच्यावर एक माशी बसली होती. आईने हाताने माशी हाकलली, एका हाताने वॉकर घट्ट धरून दुसऱ्याने चमचा भरला आणि दादाच्या तोंडासमोर धरला.

दादाने ओठ मिटून मान मागे घेतली.

"घे," आई म्हणाली. "नाटकं करू नकोस."